जुन्या मोटारीची वीज आणि नवे सुटे भाग

गोव्यातील एखाद्या जुन्या घराच्या पडवीलगत, खानापूर-बेळगावकडे गोठ्याशेजारच्या छपराखाली किंवा इंदूर-बडोद्याच्या जुन्या वस्तीत अजूनही एखादी अँबॅसडर, एखादी फियाट, क्वचित एखादी जीप ताडपत्री पांघरून उभी असलेली दिसते. आजोबांनी वा वडिलांनी ती हौसेने घेतलेली असते. रोजच्या कामास ती आता जुंपली जात नाही. परंतु घरात लग्नकार्य निघाले म्हणजे तिच्यावरची धूळ झटकली जाते, फुलांच्या माळा चढतात आणि वधूवरांना चर्चमधून घरी आणण्याचा मान तिलाच मिळतो. अशा वेळी तिचे इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देते ती तिची वीज. सेल्फ फिरत नाही, दिवे मिणमिणतात, नाही तर घाटात भर अंधारात गाडी निमूट बंद पडते.

मग सुटे भाग शोधण्याची धावपळ सुरू होते, आणि खरी अडचण येथेच उभी राहते. १९५८ पासून बंगालमधील उत्तरपाडा येथे निघणारी अँबॅसडर मे २०१४ मध्ये बंद झाली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, जी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली, तिचेही उत्पादन या शतकाच्या आरंभीच थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी चालू होत्या तोवर तिचे भाग गल्लोगल्ली मिळत. त्या टॅक्सींचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. आता दुकानात जो भाग मिळेल तो ‘चालेल’ म्हणून घेण्याकडे आपला कल होतो. या ‘चालेल’ मध्ये बराच धोका दडलेला आहे. पत्र्याचा भाग चुकला तर गाडी विद्रूप दिसेल. विजेचा भाग चुकला तर ती पेटू शकते. म्हणून असे भाग कोणत्या कसोट्या लावून निवडावेत, याचा थोडा सविस्तर विचार येथे करू.

आधी रोग, मग औषध

पहिली गोष्ट ही की, विजेचा भाग बहुधा एकटा बिघडत नाही. मोटारीतील वीज बॅटरीतून निघते, तार, स्विच आणि यंत्र यांतून जाते व गाडीच्या लोखंडी अंगातून परत बॅटरीकडे येते. या फेऱ्यात एके ठिकाणी अडथळा आला की त्याचा त्रास दुसऱ्याच ठिकाणी दिसतो. ज्या भागात त्रास दिसतो तोच आपण बदलतो, आणि आठवड्याने नवाही भाग जळतो. दोष मात्र दुकानदाराला जातो.

एक उदाहरण घेऊ. सेल्फ मारला असता नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. मालक नवी बॅटरी आणतो. चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग सेल्फ बदलतो, तरीही तेच. अखेरीस ध्यानात येते की इंजिन आणि गाडीचे अंग यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी, जिला आपले मिस्त्री ‘बॉडी अर्थ’ म्हणतात, ती गंजून निकामी झाली आहे. इंजिन रबराच्या उशांवर बसलेले असते. रबरातून वीज जात नाही. ती पट्टी तुटली की सेल्फचा शेकडो अँपियरांचा प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट कधी कधी चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या बारीक तारेची असते. सेल्फ मारताना चोकची तार तापत असेल किंवा तिच्यातून धूर येत असेल, तर दोष बॅटरीचा नव्हे, या पट्टीचा समजावा. थोड्या खर्चाच्या पट्टीपायी मोठा खर्च वाया जातो, तो असा.

म्हणून कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी साधा मल्टिमीटर आणून तीन मापे घ्यावीत. गाडी काही तास उभी असताना चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना हा आकडा १४ च्या आसपास यावा. तो वर चढतच नसेल तर बॅटरी भरली जात नाही, आणि १५ च्या वर जात असेल तर ती उकळून मरेल. तिसरे माप महत्त्वाचे: मीटरचे एक टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला व दुसरे बॅटरीच्या अंगाशी जोडलेल्या खांबाला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला तर अर्थची वाट खराब आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, विशेषतः गोव्यात, निम्मे बिघाड गंजलेल्या जोडांतच सापडतील. तेथे नवा भाग नको. पॉलिश-पेपर आणि पाना पुरेसा आहे.

चार प्रश्न

रोग निश्चित झाला आणि भाग बदलणे भागच आहे असे ठरले, म्हणजे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.

पहिला प्रश्न: गाडी किती व्होल्टची? अँबॅसडर आणि फियाट १२ व्होल्टच्या. परंतु दुसऱ्या महायुद्धातील जीप ६ व्होल्टची होती. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी मोटारी येत असत, त्यामुळे तेथे जुनी फोक्सवॅगनही आढळते; तीही १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टचीच होती. व्होल्ट निम्मे झाले की तेवढ्याच कामासाठी दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून ६ व्होल्टच्या गाडीची बॅटरी-केबल जाडजूड असते. तिच्या जागी आजच्या १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावली, तर सेल्फ कण्हतच राहील.

दुसरा प्रश्न: बॅटरीचा कोणता खांब गाडीच्या अंगाला जोडला आहे? आजच्या सर्व गाड्यांत ऋण म्हणजे वजा खांब अंगाला जोडलेला असतो. परंतु १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक इंग्रजी गाड्यांत याच्या उलट, म्हणजे अधिक खांब अंगाला जोडीत. अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीच्या नमुन्यावर बेतलेली, तर फियाटची रचना इटालियन. तीत वजा खांब अंगाला जोडलेला असतो. पुस्तकात काय लिहिले आहे यावर मात्र विसंबू नये, कारण साठ वर्षांत कोणा मिस्त्रीने ही जोडणी बदललेली असू शकते. प्रत्यक्ष बॅटरी पाहावी. दोन खांबांपैकी किंचित जाड असतो तो अधिक खांब. साधा बल्ब, साधा हॉर्न यांना या उलटसुलटीची पर्वा नसते. परंतु रेडिओ, एलईडी दिवा, आल्टर्नेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन हे भाग उलटे जोडताच क्षणात निकामी होतात.

तिसरा प्रश्न: या भागातून किती प्रवाह जाणार? हे गणित शाळकरी मुलासही येईल: वॅटला व्होल्टने भागले की अँपियर मिळतात. याचा उपयोग पुढे दिव्यांच्या वेळी दिसेल.

चौथा प्रश्न: मूळ भागावर कोणता क्रमांक कोरला आहे? लुकाससारख्या कंपन्या आपल्या प्रत्येक डायनॅमोवर, डिस्ट्रिब्युटरवर व कट-आउटवर जातीचे नाव आणि क्रमांक ठोकीत असत. ‘अँबॅसडरचा डायनॅमो द्या’ असे म्हणणे पुरेसे नाही, कारण २० वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन अँबॅसडरचे भाग सारखे असतातच असे नाही. रॉकेलच्या फडक्याने भाग पुसून क्रमांक वाचावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि जुना भाग सोबत घेऊन जावे.

लुकास हे नाव आले आहे म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. बर्मिंगहॅमचे जोसेफ लुकास यांनी एकोणिसाव्या शतकात दिव्यांच्या धंद्यापासून आरंभ केला आणि पुढे इंग्लंडमधील बहुतेक मोटारींची वीज त्यांच्याच कंपनीच्या हाती आली. जुन्या इंग्रजी गाड्या बाळगणारे लोक थट्टेने या लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत आले आहेत. थट्टेत तथ्य किती हा वाद बाजूला ठेवू. गंजलेले जोड आणि सैल अर्थ यांचे पुष्कळसे पाप मात्र त्या बिचाऱ्याच्या माथी मारले गेले आहे. आपल्याकडे १९६१ साली मद्रासेत लुकास-टीव्हीएस ही कंपनी निघाली आणि १९५१ पासून बंगळूरला मायको, म्हणजे आजची बॉश कंपनी, स्पार्क प्लग व इतर भाग करू लागली. म्हणून जुन्या भारतीय गाड्यांच्या विजेच्या भागांवर ही दोन नावे वारंवार दिसतात.

ठिणगीचे भाग

पेट्रोल पेटवणारी ठिणगी कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि प्लग या पाच जणांच्या मेळातून निघते. यांपैकी कॉइल निवडताना सर्वांत अधिक फसगत होते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या कॉइलच्या दोन जाती आहेत. एका जातीच्या आतल्या पहिल्या वेटोळ्याचा रोध सुमारे ३ ओहम असतो. ती थेट १२ व्होल्टवर चालते. दुसरीचा रोध सुमारे दीड ओहम असतो व तिच्याआधी एक रोध-तार किंवा चिनीमातीचा रोधक जोडलेला असावा लागतो. ही दुसरी कॉइल रोधकावाचून जुन्या गाडीस लावली, तर दुप्पट प्रवाह वाहून ती तापते आणि पॉइंट जळतात. उलट पहिली कॉइल रोधक असलेल्या गाडीस लावली तर ठिणगी दुबळी पडते. मल्टिमीटरने एका मिनिटात ही जात कळते. दुकानातच मोजून घ्यावी.

जुन्या कॉइलवर ‘एसडब्ल्यू’ व ‘सीबी’ अशी अक्षरे असतात. पहिले टोक स्विचकडे व दुसरे डिस्ट्रिब्युटरकडे जाते. नव्या कॉइलवर त्याऐवजी अधिक-वजा चिन्हे असतात. ज्या गाडीत अधिक खांब अंगाला जोडला आहे, तिच्यात नव्या कॉइलचे अधिक टोक डिस्ट्रिब्युटरकडे जावयास हवे. उलटे जोडले तरी गाडी चालते, परंतु ठिणगीचा जोर कमी होतो, आणि थंडीच्या सकाळी ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी ती सुरू होण्यास कुरकुर करते.

कंडेन्सर हा करंगळीएवढा भाग. पण गाडी वाटेत बंद पाडण्यात तो पुष्कळांचा गुरू आहे. पॉइंट उघडताना त्यांच्यात जाळ होऊ न देणे हे त्याचे काम, आणि त्याची धारणाशक्ती सुमारे ०.२ मायक्रोफॅरड असते. हलक्या प्रतीचा कंडेन्सर थंड असताना उत्तम चालतो व इंजिन तापल्यावर दगा देतो; म्हणूनच गॅरेजमध्ये गाडी ठीक भासते आणि दहा मैलांवर बंद पडते. पॉइंट वारंवार काळे पडत असतील, तर पॉइंट बदलण्याआधी कंडेन्सरवर संशय घ्यावा. हा भाग नेहमी नव्या उत्पादनाचा आणि नामांकित कंपनीचा घ्यावा. चाळीस वर्षे डब्यात पडून राहिलेला कंडेन्सर, डबा कितीही सुंदर असला तरी, घेऊ नये. कारण आतील कागदाचे थर ओल शोषून घेतात.

पॉइंट घेताना त्यांची दोन तोंडे समोरासमोर नीट बसतात की नाही आणि स्प्रिंग ताठ आहे की नाही ते पाहावे. अँबॅसडरच्या जुन्या इंजिनात त्यांच्यातील फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवतात. रोटरच्या बाबतीत एक सूक्ष्म खूण ध्यानात ठेवावी: काही हलक्या रोटरांमध्ये पितळेची पट्टी ज्या रिव्हेटने बसवलेली असते ते इतके खोल गेलेले असते की ठिणगी त्यातून थेट आतल्या दांड्यावर उतरते आणि प्लगपर्यंत पोहोचतच नाही. रिव्हेट नसलेला रोटर मिळाल्यास तोच पसंत करावा.

पॉइंटांच्या ऐवजी डिस्ट्रिब्युटरच्या आत दडणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशनही आता मिळते. ती चांगली असते, वारंवार फट लावण्याचा त्रासही वाचतो. परंतु ती घेताना गाडीचा कोणता खांब अंगाला जोडला आहे आणि तिला किती रोधाची कॉइल चालते, ही दोन उत्तरे तिच्या पत्रकात शोधून मगच पैसे मोजावेत. आणि जुने पॉइंट व कंडेन्सर कापडात गुंडाळून गाडीतच ठेवावेत. पॉइंट बिघडले तर खेड्यातला मिस्त्री ते घासून गाडी घरी पोहोचवील. इलेक्ट्रॉनिक भाग गेला तर त्याचे हात बांधलेले असतात.

डायनॅमो की आल्टर्नेटर?

जुन्या गाडीत वीज तयार करतो तो डायनॅमो. आणि त्याने बॅटरीत किती भर घालावी हे ठरवणाऱ्या काळ्या पेटीला आपल्याकडे कट-आउट म्हणतात. हे दोघे जोडीने काम करतात, म्हणून त्यांची निवडही जोडीने व्हावी. लुकासचा सी-४० जातीचा डायनॅमो सुमारे २२ अँपियर देतो. त्याच्याबरोबर त्याच शक्तीचा कट-आउट हवा. अधिक शक्तीचा कट-आउट लावल्याने वीज वाढत नाही, उलट डायनॅमो स्वतःच्या ताकदीबाहेर राबून जळतो.

डायनॅमो बिघडला म्हणजे तो फेकावयाचा असे नाही. त्याचे तांबे बहुधा शाबूत असते; झिजतात ते कार्बन ब्रश आणि मागचा काशाचा बुश. नवा बुश बसवण्यापूर्वी तो एक दिवसभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा, कारण तो सच्छिद्र असतो आणि पुढे त्या शोषलेल्या तेलावरच जगतो. घाईघाईने कोरडा बुश ठोकणारा मिस्त्री सहा महिन्यांनी पुन्हा त्याच कामाचे पैसे घेईल. ब्रश बसवताना काचेचा कागद वापरावा, एमरीचा नव्हे. एमरीचे कण तांब्याच्या कड्यात रुतून बसतात. वेटोळे जळले असेल तर तालुक्याच्या गावी मोटारी-पंपांचे वाइंडिंग करणारा कुशल कारागीर ते पुन्हा गुंडाळून देतो. नाव नसलेल्या नव्या डायनॅमोपेक्षा असा दुरुस्त केलेला मूळ डायनॅमो पुष्कळदा सरस ठरतो. दुरुस्त डायनॅमो बसवल्यावर, त्याच्या दोन्ही तारा सोडवून, बॅटरीच्या जिवंत खांबाची तार त्याच्या ‘एफ’ टोकास क्षणभर लावावी. त्यामुळे त्याचे चुंबकत्व गाडीच्या खांबांशी जुळते. हे न केल्यास नवा कोरा डायनॅमोही उलटी वीज देऊ शकतो.

आल्टर्नेटर लावावा काय, हा प्रश्न पुष्कळजण विचारतात. डायनॅमो इंजिन मंद चालत असता जवळजवळ काहीच वीज देत नाही. आल्टर्नेटर मंद गतीतही बॅटरी भरतो. ज्यांना रात्री वा गर्दीच्या शहरात गाडी न्यावी लागते, त्यांना त्याचा उपयोग आहे. परंतु आल्टर्नेटर म्हणजे नुसता एक भाग बदलणे नव्हे. वजा खांब अंगाला जोडावा लागतो, जुना कट-आउट फेऱ्यातून काढावा लागतो, पट्ट्याची कप्पी जुळवावी लागते, आणि वाढलेला प्रवाह सोसणारी जाड तार बॅटरीपर्यंत नव्याने ओढावी लागते. पुढील फळीवर ३० अँपियरचा मीटर असेल तर त्यातून ६० अँपियर जाऊ देणे म्हणजे आग लावणेच. इतका खर्च करावयाचा नसेल आणि गाडी वर्षातून दहा वेळाच बाहेर निघत असेल, तर डायनॅमो नीट करून घेणे शहाणपणाचे.

दिवे, तारा आणि फ्यूज

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. जुन्या गाडीचे दिवे मंद वाटतात म्हणून बाजारातून १०० वॅटचे हॅलोजन बल्ब आणून लावण्याची पद्धत फार बोकाळली आहे. गणित करून पाहा. मूळचे ४५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ९० वॅट. १२ ने भागले की साडेसात अँपियर. ६० वॅटचे दोन लावले तर १० अँपियर. आणि १०० वॅटचे दोन लावले तर जवळजवळ १७ अँपियर! त्यात कॉइलचे साडेतीन आणि मागचे-पुढचे छोटे दिवे मिळून दोन मिळवा. बेरीज २२ च्या वर गेली. डायनॅमोची सारी कमाई संपली. हॉर्न आणि वायपर बॅटरीची पुंजी खाऊन जगणार. पावसाळ्यात रात्री चोर्ला घाट चढताना दिवे, वायपर व हॉर्न ही तिन्ही एकदमच लागतात, आणि नेमकी तेथेच बॅटरी संपते.

याहून वाईट संकट तारेचे. एक चौरस मिलिमीटर छेदाची मोटारीची तार सतत सुमारे पावणेनऊ अँपियर सोसते. दोन चौरस मिलिमीटरची साडेसतरा. मूळ दिव्यांसाठी ओढलेल्या बारीक तारेतून १७ अँपियर जाऊ लागले की तिचे साठ वर्षांचे आवरण वितळते. त्यात भर म्हणजे त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत सारे मिळून दोनच फ्यूज असत, आणि हेडलाइटच्या वाटेवर पुष्कळदा एकही नसे. म्हणजे तार जळू लागली तर तिला अडवणारा कोणी नाही.

दिवे खरोखर मंद असतील, तर आधी दिव्यापाशी व्होल्ट मोजावेत. बॅटरीवर १२.५ आणि दिव्यावर १०.५ असतील, तर बल्ब बदलून काही साधणार नाही. दोन व्होल्ट वाटेतल्या गंजलेल्या जोडांनी खाल्ले आहेत. ते साफ करून, बॅटरीजवळ फ्यूज घालून, रिले बसवून जाड तारेने दिव्यांना वीज द्यावी. म्हणजे जुन्या स्विचवरचा भार जातो आणि साधेच बल्ब लख्ख पेटतात. एलईडी बल्ब मागच्या छोट्या दिव्यांस चालतात, परंतु लाल काचेमागे लाल प्रकाशाचाच एलईडी घ्यावा; पांढरा घेतल्यास लाल रंग फिका पडतो. वळण दाखवणाऱ्या दिव्यांस एलईडी लावले, तर जुना फ्लॅशर त्यांचा अल्प भार ओळखत नाही व लुकलुकणे बिघडते. तोही बदलावा लागेल.

फ्यूजबाबत एक गोष्ट थोड्या लोकांना ठाऊक असते. लुकासच्या जुन्या काचेच्या फ्यूजमधील कागदाच्या चिटोऱ्यावर ३५ असे छापलेले असते. हा आकडा फ्यूज वितळण्याचा आहे. सतत वाहू देण्याजोगा प्रवाह त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे १७ अँपियर. आज दुकानात मिळणाऱ्या काचेच्या फ्यूजवर मात्र बहुधा सतत वाहण्याचा आकडा छापतात. ३५ च्या जागी नवा ३५ घातला, तर तारेचे संरक्षण निम्म्याने कमी झाले. त्या जागी १५ किंवा फार तर २० चा घ्यावा. फियाटमध्ये चिनीमातीचे टोकदार फ्यूज असतात. त्यांत पांढरा ८ अँपियरचा व तांबडा १६ चा. पांढरा वारंवार जातो म्हणून तांबडा घालणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे, हे पहारेकऱ्याने भुंकू नये म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे आहे.

तारा बदलताना मूळ रंग पाळावेत. लुकासच्या पद्धतीत तपकिरी तार बॅटरीची थेट वीज नेते, पांढरी किल्ली फिरवल्यावरची, हिरवी फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, तांबडी छोट्या दिव्यांची आणि काळी अंगाला जोडणारी. सारी वायरिंग एकाच लाल तारेने करून देणारा कारागीर आज स्वस्त पडेल. पाच वर्षांनी दोष शोधणाऱ्यास मात्र सारी गाडी उसवावी लागेल.

दुकानात उभे असताना

बाजारात चार प्रकारचा माल मिळतो: नामांकित कंपनीचा नवा, जुन्या साठ्यातील न वापरलेला, भंगारातील वापरलेला आणि नाव नसलेला वा दुसऱ्याचे नाव चोरलेला. पहिला मिळत असेल तर प्रश्नच नाही. जुन्या साठ्यातील डिस्ट्रिब्युटरची टोपी, आर्मेचर, स्विच यांस वयाची बाधा फारशी होत नाही. परंतु कंडेन्सर, रबराचे आवरण आणि बॅटरी नवीनच घ्यावी, व बेअरिंगमधील वाळलेले ग्रीस काढून नवे भरावे. भंगारातील मूळ भाग, क्रमांक जुळत असेल आणि वेटोळे शाबूत असेल तर, दुरुस्त करून वापरण्याजोगा असतो.

चौथ्या प्रकारास ओळखण्याच्या काही घरगुती युक्त्या आहेत. खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवावा: पितळेची म्हणून दिलेली टोके त्याला चिकटली तर ती मुलामा दिलेल्या लोखंडाची आहेत. तारेचा एक धागा चाकूने खरवडावा: आत पांढरे दिसले तर ते तांब्याचा रंग दिलेले ॲल्युमिनियम; ते घेऊ नये. जुना भाग व नवा भाग दोन हातांत तोलून पाहावे. तांबे कमी घातले असेल तर हातास लगेच कळते. डब्यावरील अक्षरे पुसट, स्पेलिंग चुकलेले, किंमत अर्धी आणि बिल देण्यास दुकानदार नाखूश, अशी चार लक्षणे एकत्र दिसली तर नमस्कार करून बाहेर पडावे.

जुना भाग काढल्यावर तो फेकू नये. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ या अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीची सोय केली. तीत सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांतील मोठे फेरफार वर्ज्य आहेत. डायनॅमोऐवजी आल्टर्नेटर लावलेला असला तरी मूळ डायनॅमो खुणेची चिठ्ठी बांधून फळीवर ठेवलेला असावा. उद्या मुलाला वा नातवाला गाडी होती तशी करावीशी वाटली तर त्याची वाट मोकळी राहील. त्याचबरोबर एक वही घालावी. कोणता भाग, कोणत्या क्रमांकाचा, कोणत्या दिवशी बदलला, तो का बिघडला होता, एवढे चार रकाने पुरेत. अशी वही असलेल्या गाडीच्या मिस्त्रीला अंदाज बांधत बसावे लागत नाही.

आणि काम सुरू करण्याआधी, कितीही क्षुल्लक काम असले तरी, बॅटरीचा जो खांब गाडीच्या अंगाला जोडला आहे त्याची केबल प्रथम सोडवावी, व काम संपल्यावर तीच शेवटी जोडावी. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर त्याच ठिकाणी बॅटरी तोडणारा छोटा स्विच बसवून घ्यावा. घराला लागून असलेल्या छपरात, जेथे शेजारी गवताची गंजी असते आणि पलीकडे मुले निजलेली असतात, तेथे या स्विचइतका स्वस्त पहारेकरी दुसरा मिळणार नाही.